मान कुणाच्या हाती

मराठीत 'मान' हा शब्द मोठा मजेशीर आहे. शरीराचा एक अवयव आणि माणसाची प्रतिष्ठा, दोन्ही त्यात बसतात. मान ताठ ठेवावी, उगाच कुणापुढे तुकवू नये, खाली घालावी लागेल असं वागू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. राबणारा माणूस मान मोडून काम करतो आणि जीव गेला की त्यानं मान टाकली असं म्हणतात. आमच्या घरात मराठीबरोबर उर्दूही वावरायची. उर्दूत मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला 'शहरग' म्हणतात, म्हणजे साऱ्या रगांमधली शाही रग. ग्रीकांनी मानेच्या पुढच्या धमन्यांना जे नाव दिलं त्यावरून आजचा 'कॅरोटिड' हा शब्द आला. त्या नावाचं मूळ गुंगी या अर्थाच्या शब्दात आहे. या धमन्या दाबल्या की माणूस गुंगतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मानेशी खेळू नये ही समज अशी फार जुनी आहे. तरीही मान कुणाच्या तरी हाती देऊन ती कटकन वाजवून घेण्याची हौसही तितकीच जुनी असावी.

या विषयाकडे मी वळलो तो एका फोनमुळे. माझी भाची कॅनडात टोरांटोजवळ राहते. दिवसभर संगणकासमोर बसून तिची मान धरली होती. मैत्रिणींच्या सांगण्यावरून ती कायरोप्रॅक्टरकडे गेली. हा मणक्यांवर हातानं उपचार करणारा तज्ज्ञ. तिकडे हा रीतसर परवान्याचा व्यवसाय आहे आणि अनेकांच्या विम्यात त्याचा खर्चही बसतो. उपचाराआधी तिच्यासमोर संमतिपत्र आलं. तिथूनच तिनं फोन लावला, "मामू, बाकी सगळं ठीक आहे, पण खाली एका ओळीत स्ट्रोक लिहिलंय. मानदुखीच्या कागदावर पक्षाघात कशाला? सही करू का?"

मी म्हटलं, "आज करू नकोस. आधी तुझ्या नेहमीच्या डॉक्टरला दाखव."

तिचं दुखणं साधं निघालं. बसण्याची पद्धत बदलली, थोडा व्यायाम केला आणि ते गेलं. माझ्या डोक्यातून मात्र ती ओळ जाईना. मी डॉक्टर नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला आणि कवितेत रमलेला माणूस आहे. पण एखादी ओळ कागदावर येते तेव्हा तिच्यामागे बरंच काही घडून गेलेलं असतं, एवढं कवीला कळतं. ही ओळ त्या संमतिपत्रावर येण्यासाठी जवळपास शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांची हकीकत आज सांगायची आहे.

हातानं हाडं बसवण्याची विद्या जगात सगळीकडे होती. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत पाठीचा कणा दाबून आणि ताणून सरळ करण्याचे प्रकार आहेत आणि इब्न सीनानंही त्याची दखल घेतली आहे. इंग्लंडमध्ये हाडवैद्यांची घराणी होती, आपल्याकडेही आहेत. १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामांकित इंग्रज शल्यवैद्यानं हाडवैद्यांवर एक व्याख्यान दिलं. हाडवैद्यांच्या हातून काही रुग्ण बरे होतात हे मान्य करा, त्यांचं चांगलं ते घ्या आणि घातक ते टाळा, असा त्याचा सूर होता. मला हे व्याख्यान फार शहाणपणाचं वाटतं. पुढच्या काळात हा सूर दोन्ही बाजूंना टिकवता आला नाही.

आता अमेरिकेत जाऊ. आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी डेव्हनपोर्ट नावाचं शहर आहे. डॅनिएल डेव्हिड पामर नावाचा गृहस्थ तिथे लोकचुंबक उपचार करायचा, म्हणजे अंगावरून हात फिरवून रोग घालवायचा. जन्मानं तो कॅनडातल्या ऑन्टारिओचा. त्याआधी त्यानं शाळामास्तरकी केली होती, मधमाश्या पाळल्या होत्या, किराणा विकला होता. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्ड या कृष्णवर्णीय कामगाराच्या पाठीतला एक मणका पामरनं दाबून बसवला. लिलार्डला सतरा वर्षं नीट ऐकू येत नव्हतं ते येऊ लागलं, असा पामरचा दावा होता. लिलार्डच्या मुलीनं पुढे सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे दोघांची थट्टामस्करी चालली होती, पामरनं हातातल्या पुस्तकानं पाठीवर थाप मारली आणि काही दिवसांनी वडिलांना थोडं बरं ऐकू येऊ लागलं.

कोणती गोष्ट खरी, हे आता ठरणं कठीण आहे. शरीरशास्त्र एवढंच सांगतं की ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही. तिचा सगळा प्रवास कवटीच्या आत होतो. पामरनं मात्र या एका घटनेवर आख्खा सिद्धान्त उभारला. शंभरातले पंच्याण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, मणका बसवला की आजार गेला, असं तो म्हणू लागला. एका परिचित पाद्र्यानं ग्रीक शब्द जोडून या विद्येला 'कायरोप्रॅक्टिक' हे नाव सुचवलं. त्याचा अर्थ हातानं केलेलं काम. १८९७ साली पामरची शाळा सुरू झाली. १९०६ साली विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, तेव्हा दंड भरण्याऐवजी त्यानं तुरुंग पत्करला. तुरुंगात गेलेल्या माणसाभोवती तेज येतं, हे आपल्या देशाला वेगळं सांगायला नको. पुढे अनेक कायरोप्रॅक्टर असेच तुरुंगात गेले आणि लोकांची सहानुभूती त्यांना मिळत गेली. १९१३ साली कॅन्सस राज्यानं त्यांना कायद्यानं मान्यता दिली. शेवटचं राज्य लुइझियाना, तिथे ती १९७४ साली आली.

या पंथाला मोठं केलं ते पामरच्या मुलानं. त्याचं नाव बी. जे. पामर. हा माणूस म्हणजे जाहिरातीचा जादूगार होता. १९२२ साली त्यानं डेव्हनपोर्टमध्ये डब्ल्यूओसी नावाचं नभोवाणी केंद्र विकत घेतलं. ही अक्षरं 'वंडर्स ऑफ कायरोप्रॅक्टिक', म्हणजे कायरोप्रॅक्टिकचे चमत्कार, अशी वाचली जात. १९३२ साली याच केंद्रावर रोनाल्ड रेगन नावाचा एक तरुण निवेदक म्हणून रुजू झाला. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. आकाशवाणीच्या माइकसमोर बसून ही गोष्ट सांगताना मला गंमत वाटते. आवाजाची ताकद त्या बापलेकांना फार लवकर कळली होती, मग तो आवाज रेडिओतला असो की मणक्यातला.

मणक्यातल्या आवाजाबद्दल इथेच सांगून टाकतो. मान किंवा बोट कटकन वाजतं तेव्हा हाड जागेवर बसत नाही. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात दाब एकदम बदलतो, त्यात वायूची पोकळी तयार होते आणि त्याचा तो आवाज असतो. आवाज आला की काहीतरी सुटलं, मोकळं झालं असं वाटतं. बरंही वाटतं, थोडा वेळ.

१९३०च्या सुमाराला बी. जे. पामरनं नवी टूम काढली. सगळा कणा बसवायची गरजच नाही, मानेच्या अगदी वरच्या टोकाला जे मणके आहेत तेवढे बसवले की पुरे. गोल्फच्या खेळावरून त्यानं या पद्धतीला नाव दिलं 'होल इन वन', म्हणजे एका फटक्यात चेंडू खळग्यात. त्यानं बोट ठेवलं ती जागा कोणती आहे, हे नीट समजून घ्यायला हवं.

मेंदूला रक्त पोचवणाऱ्या मोठ्या धमन्या चार. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांना रोहिणी म्हणायचे. दोन पुढे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना. बोट ठेवलं की त्यांचा ठोका लागतो. दोन मागे, मणक्यांच्या आधारानं वर जाणाऱ्या. मानेत सात मणके असतात. त्यांतल्या वरच्या सहा मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि मागची धमनी त्या भोकांतून ओवल्यासारखी वर चढते. सर्वांत वरच्या मणक्याचं नाव ॲटलास. आकाश खांद्यावर पेलणाऱ्या ग्रीक पुराणातल्या ॲटलासवरून ते पडलं, कारण हा मणका डोकं पेलतो. इथे धमनीला मोठं वळण घ्यावं लागतं. ती ॲटलासच्या मागून वळसा घालते आणि मग कवटीत शिरते. आत डावी आणि उजवी एकमेकींना मिळतात आणि मेंदूचा देठ, लहान मेंदू आणि मेंदूचा मागचा भाग यांना रक्त देतात. श्वास, गिळणं, तोल आणि नजर यांचा कारभार या मुलखात चालतो. आतल्या कानालाही रक्त बहुधा याच वाटेनं जातं. मानेचा आणि कानाचा संबंध थोरला पामर नसांमध्ये शोधत होता. संबंध असला तर तो या रक्ताच्या वाटेवर आहे.

मान वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं. म्हणून मान झटक्यानं पिळली की धमनीच्या त्या वळणावर ताण येतो. धमनीची भिंत तीन पदरी असते. आतलं अस्तर फाटलं तर रक्त अस्तर आणि भिंत यांच्यामध्ये शिरतं. जुन्या कोटाचं अस्तर उसवलं की खिशात घालायला गेलेला हात भलतीकडेच जातो ना, तसं. भिंत आतून फुगते, रक्ताची वाट अरुंद होते, फाटलेल्या जागी गुठळी जमते. तिचा तुकडा सुटून वर गेला की मेंदूचा एखादा भाग उपाशी पडतो. यालाच पक्षाघात म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत अस्तर फाटण्याला 'डिसेक्शन' असा शब्द आहे. तसा हा आजार विरळा आहे. मागच्या धमन्यांच्या बाबतीत वर्षाला लाखात एखादा असं त्याचं प्रमाण सांगतात. पण पन्नाशीच्या आतल्या माणसांना होणाऱ्या पक्षाघाताच्या मोठ्या कारणांत त्याची गणना होते.

ज्या १८९५ साली डेव्हनपोर्टमध्ये लिलार्डच्या पाठीवर पामरचा हात पडला, त्याच वर्षी जर्मनीच्या डान्झिग शहरात ॲडॉल्फ वालेनबर्ग नावाच्या डॉक्टरनं एका रुग्णाचं बारकाईनं वर्णन छापलं. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि ग्दान्स्क म्हणून ओळखलं जातं. त्या रुग्णाला अचानक भोवळ आली, गिळता येईना, आवाज बसला. चेहऱ्याच्या एका बाजूची आणि अंगाच्या उलट बाजूची वेदना समजेनाशी झाली. मेंदूच्या देठातली नेमकी कुठली वाट बंद झाली असावी, याचा अंदाज वालेनबर्गनं तो रुग्ण जिवंत असतानाच बांधला होता. पुढे रुग्ण वारला आणि शवविच्छेदनात तो अंदाज खरा ठरला. तो वृत्तान्त १९०१ साली प्रसिद्ध झाला. मानेवरच्या झटक्यानंतर होणाऱ्या पक्षाघातात डॉक्टरांना पुष्कळदा हेच चित्र दिसतं आणि त्याला वालेनबर्गचंच नाव आहे. वालेनबर्ग ज्यू होता. १९३८ साली त्याला देश सोडावा लागला. तो इंग्लंडमार्गे अमेरिकेला गेला आणि १९४९ साली इलिनॉय राज्यात वारला. डेव्हनपोर्टहून नदी ओलांडली की जे राज्य लागतं, ते हेच.

म्हणजे रोगाचं वर्णन आणि त्याला कारण ठरू शकणारी विद्या, दोन्ही एकाच वर्षीची. एकमेकांची गाठ पडायला मात्र पन्नास वर्षं जावी लागली. १९४७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रॅट-थॉमस आणि बर्गर या दोघांनी मान आणि कणा बसवून घेतल्यानंतर दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं मांडली. लहान मेंदूला रक्त देणाऱ्या वाटा बंद झाल्याचं त्यांत दिसलं. त्यानंतर अशा एकेका रुग्णाची नोंद होत राहिली.  जिवंत माणसाच्या धमनीचं फाटलेलं अस्तर सुखासुखी पाहता येईल असं यंत्र तेव्हा नव्हतं. शिवाय पक्षाघात मेजावरच होईल असंही नसतं. तो काही तासांनी येतो, काही दिवसांनी येतो. मान कुणी वळवली होती का, हे घरच्यांना कुणी विचारत नसे, आणि त्यांनाही सांगायचं सुचत नसे.

आता या गोष्टीची जी बाजू मला सर्वांत खेदाची वाटते ती सांगतो. १९६३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननं भोंदू वैद्यकाविरुद्ध एक समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टिक हेच तिचं मुख्य लक्ष्य झालं. डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंधच ठेवू नयेत, असा दंडक होता. १९७६ साली चेस्टर विल्क आणि त्याच्या काही सहव्यावसायिकांनी खटला भरला. १९८७ साली न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी निकाल दिला की असोसिएशननं स्पर्धेच्या कायद्याचा भंग करून हा बहिष्कार चालवला. १९९० साली वरच्या न्यायालयानंही तो उचलून धरला. निकाल योग्यच होता, बहिष्कार हा काही वैद्यकीय युक्तिवाद होत नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की मानेच्या धमनीचा विषय कुणी काढला की कायरोप्रॅक्टरांना त्यात जुना डाव दिसू लागला आणि डॉक्टरांना प्रत्येक कायरोप्रॅक्टर भोंदू दिसतच होता. दोघांचं भांडण जोरात चाललं होतं. मेजावर मान ठेवून पडलेल्या माणसाला मात्र कुणी काही सांगत नव्हतं.

ते सांगणं सुरू झालं ते बरंचसं कॅनडात आणि एका दुःखद घटनेनंतर. १९९८च्या फेब्रुवारीत सॅस्काटून शहरातली एक वीस वर्षांची मुलगी कायरोप्रॅक्टरकडे गेली. दुखणं तिच्या माकडहाडाशी, कमरेखाली होतं. तिची मानही वळवण्यात आली. ती तिथेच बेशुद्ध झाली आणि तीन दिवसांनी वारली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर चौकशी झाली. मानेतली डावी मागची धमनी फाटून मृत्यू आला, असा निष्कर्ष तिथल्या ज्यूरीनं काढला. धोक्याची माहिती रुग्णाला लेखी द्यावी आणि या विषयावर संशोधन व्हावं, अशा शिफारशीही केल्या. २००२ साली कॅनडातल्या साठहून अधिक मेंदुविकारतज्ज्ञांनी एकत्र येऊन जाहीर इशारा दिला. आई-वडिलांनी लावून धरलं म्हणून किती गोष्टी बदलतात, हे आपणही आपल्याकडे पाहिलेलं आहे. त्या मुलीच्या आईनंही लावून धरलं होतं.

संशोधन सुरू झालं आणि पेच पुढे आला. तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटतो.

२००१ साली ऑन्टारिओतल्या संशोधकांनी मागच्या धमन्यांशी संबंधित पक्षाघाताचे ५८२ रुग्ण तपासले. पंचेचाळीसच्या आतले रुग्ण तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांपेक्षा पाचपट प्रमाणात आधीच्या आठवड्यात कायरोप्रॅक्टरकडे गेलेले निघाले. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धमनीचं अस्तर फाटलेले ५१ रुग्ण होते. आधीपासूनच्या मानदुखीचा हिशेब वजा केल्यावरही मान वळवून घेण्याशी संबंध उरला, आणि तो सहापटींहून जास्त होता. इथवर सरळ वाटतं. पण २००८ साली ऑन्टारिओतूनच आणखी मोठा अभ्यास आला, ८१८ रुग्णांचा. त्यात दिसलं की पक्षाघाताआधी कायरोप्रॅक्टरकडे जाण्याचा जसा संबंध आहे, तसाच साध्या घरच्या डॉक्टरकडे जाण्याचाही आहे. घरचा डॉक्टर तर मान पिळत नाही. मग?

संशोधकांनी उत्तर असं दिलं की धमनीचं अस्तर आधीच फाटलेलं असतं. ते कधी शिंकेनं फाटतं, कधी वजन उचलताना, कधी काहीच कारण न कळता. त्याचं पहिलं लक्षण म्हणजे मानदुखी आणि डोकेदुखी. ती घेऊन माणूस कुणी डॉक्टरकडे जातो, कुणी कायरोप्रॅक्टरकडे. पक्षाघात नंतर येतो आणि आळ हातावर येतो. या अभ्यासाचा प्रमुख स्वतः कायरोप्रॅक्टरही होता, म्हणून काहींनी नाक मुरडलं. मला तो आक्षेप फारसा पटत नाही, कारण आकडे आकडेच असतात. त्यापेक्षा वजनदार आक्षेप असा की हे आकडे रुग्णालयांच्या नोंदींतल्या सांकेतिक क्रमांकांवरून घेतलेले होते. म्हाताऱ्या माणसांचे धमन्या कडक होऊन झालेले पक्षाघातही त्यात मिसळले असतील, तर खरा संबंध फिका दिसणार. दुसरीकडे कॅलगरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली मृतदेहांवर मोजून पाहिलं, तेव्हा मान बसवताना धमनीवर येणारा ताण ती फाटायला लागणाऱ्या ताणापेक्षा पुष्कळच कमी निघाला. मृतदेहातल्या धमनीत रक्त वाहत नसतं, हेही खरं.

धोका किती? काही हजारांत एक इथपासून काही दशलक्षांत एक इथपर्यंत अंदाज आहेत. एवढी तफावत का? ज्यांनी नुकसानभरपाईचे दावे मोजले त्यांना थोडे रुग्ण सापडले, कारण बोलता न येणारा माणूस दावा क्वचितच लावतो. रुग्णालयांत शोधणाऱ्यांना जास्त सापडले. २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं सगळा पुरावा चाळून निवेदन काढलं. असे प्रसंग बहुधा थोडे असावेत, पण मान वळवणं आणि धमनी फाटणं यांचा आकड्यांतला संबंध दिसतो. कारण कोणतं नि परिणाम कोणता हे पुरतं ठरलेलं नसलं, तरी उपचाराआधी रुग्णाला हे सांगितलं पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. माझ्या भाचीच्या कागदावरच्या ओळीला तात्त्विक आधार आहे तो हाच.

आणि थोडं थांबून पाहिलं तर दोन्ही बाजू एका ठिकाणी भेटतात. हातामुळे धमनी फाटते असं मानलं तर मान पिळू नये हे उघडच आहे. धमनी आधीच फाटलेली असते असं मानलं, तर फाटलेली धमनी असलेली मान पिळणं त्याहून वाईट. गुठळी सुटायला एक झटका पुरे. म्हणून मानदुखी नवी असेल, एकाएकी आलेली असेल, पूर्वी कधीच अनुभवली नाही अशी असेल, तर ती मान कुणी झटक्यानं वळवूच नये. इतकं ठरवायला भांडण मिटण्याची वाट पाहायची गरज नाही. २०१६ साली लॉस एंजेलिसमध्ये एका चौतीस वर्षांच्या मॉडेलचा मृत्यू झाला. मान बसवताना मागची धमनी फाटल्याचा निष्कर्ष तिथल्या सरकारी मृत्यू-तपासनिसानं काढला. तिची मान आधी दुखावलेली होती. ती दुखते म्हणूनच ती गेली होती.

आपल्याकडे कायरोप्रॅक्टर फार नाहीत, मोठ्या शहरांत थोडे. आपल्याकडे हे काम चालतं ते सलूनमध्ये. दाढी-कटिंग झालं की डोक्याला चंपी, मग हनुवटी आणि डोकं धरून मान डावीकडे कट्, उजवीकडे कट्. संमतिपत्र नाही, विचारणंही नाही. २०२४ साली कर्नाटकातल्या बळ्ळारीत तीस वर्षांच्या एका कामगाराची मान अशीच फुकटात मोडून देण्यात आली. थोड्या वेळात त्याची जीभ अडखळू लागली, डावी बाजू लुळी पडली. मानेतल्या पुढच्या धमनीचं अस्तर फाटलं होतं. वेळेवर उपचार मिळाले म्हणून तो वाचला. झटकाच लागतो असंही नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या एका मेंदुविकारतज्ज्ञानं ब्युटी पार्लरमध्ये केस धुताना बेसिनच्या काठावर मान मागे टाकून पडल्यानंतर पक्षाघात झालेल्या पाच जणींची नोंद केली. २०२२ साली हैदराबादच्या पन्नाशीतल्या एका बाईंची अशीच हकीकत तिथल्या डॉक्टरांनी जाहीर केली. त्यांना आधी भोवळ आणि उलट्या झाल्या म्हणून पोटाच्या डॉक्टरकडे नेलं होतं.

हे पोटाच्या डॉक्टरचं प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पक्षाघात म्हटलं की वाकडं तोंड आणि लुळा हात आपल्या डोळ्यांपुढे येतो. मागच्या धमनीचा पक्षाघात पुष्कळदा तसा दिसतच नाही. गरगरणं, उलटी, एकाचे दोन दिसणं, चालताना एका बाजूला झोक जाणं, गिळताना ठसका, चेहऱ्याचा अर्धा भाग बधिर होणं, मानेत किंवा डोक्याच्या मागे विलक्षण कळ, ही त्याची लक्षणं. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल, लिंबूपाणी द्या, पडू द्या जरा. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. म्हणून अशा वेळी मेंदूचा स्कॅन होईल अशा मोठ्या रुग्णालयात जावं आणि मान कुणी वळवली होती का, केस धुवायला मागे टाकली होती का, हे न विचारताच सांगावं.

माझ्या नेहमीच्या सलूनवाल्या रशीदभाईंना मी हे सगळं ऐकवलं. त्यांचे अब्बाही हेच काम करायचे. त्यांनी वस्तरा पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाई, मी आता कुणाची मान धरत नाही. पण गिऱ्हाईकं स्वतःच मागतात. कट् आवाज आला नाही तर पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं त्यांना."